आकडा जुळतो, तरी गाडी हलत नाही: खेळण्याचा रिमोट जुळवताना नेमकं काय जुळवायचं

तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. एका गाडीच्या पोटाशी ४९ मेगाहर्ट्झ लिहिलंय आणि हाताशी असलेला रिमोट २७ चा आहे, तो जुळवता येईल का? दुसऱ्या दोन गाड्या २.४ गिगाहर्ट्झच्या आहेत, आकडा तोच, तरी एकीचा रिमोट दुसरीला का चालत नाही? आणि २७ च्या दोन गाड्या एकाच वेळी सुरू केल्या की एका रिमोटवर दोन्ही का पळतात?

लेबलवरचा आकडा फक्त फ्रिक्वेन्सीचा पट्टा (बँड) सांगतो. रिमोट आणि खेळणं एकमेकांना ओळखायचं तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात: लहरीची फ्रिक्वेन्सी, त्या लहरीवर आदेश लिहिण्याची पद्धत (म्हणजे कोड), आणि नव्या खेळण्यांत त्या विशिष्ट रिमोटची ओळख. जुन्या २७/४९ च्या गाड्यांत तिसरी गोष्ट नसतेच, म्हणून तिथे दोन गाड्या एका रिमोटवर पळतात. २.४ मध्ये तिसरीच सगळ्यात कडक असते, म्हणून तिथे आकडा जुळूनही काही होत नाही. दुकानदार पहिली गोष्ट पाहून रिमोट देतो आणि पुढच्या दोन आपल्या गळ्यात पडतात.

आधी जुन्या पद्धतीचं बोलू, कारण दुरुस्तीला वाव तिथेच जास्त आहे.

२७ मेगाहर्ट्झ हा एक आकडा नाही, तो सहा जागांचा पट्टा आहे: २६.९९५, २७.०४५, २७.०९५, २७.१४५, २७.१९५ आणि २७.२५५. हौशी रेडिओ-कंट्रोलवाले यांना रंगांनी ओळखतात, अनुक्रमे तपकिरी, लाल, नारंगी, पिवळा, हिरवा, निळा. खेळण्यांत सर्वाधिक दिसतो तो पिवळा, २७.१४५. ४९ च्या पट्ट्यात ४९.८३० ते ४९.८९० दरम्यान पाच जागा आहेत आणि खेळण्यांत बहुतेक वेळा ४९.८६० असतो. ४९ हा मुख्यतः अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या खेळण्यांचा पट्टा. युरोपसाठी बनलेल्या खेळण्यांवर त्याऐवजी ४० मेगाहर्ट्झ लिहिलेलं सापडतं. त्यामुळे एकाच मॉडेलच्या, दिसायला हुबेहूब दोन गाड्यांचे बोर्ड वेगळे निघू शकतात. रंग आणि चाकं पाहून रिमोट घेऊ नका, पोटावरचं लेबल वाचा.

लेबल पुसलं असेल तर रिमोट उघडा. आत एक छोटी चकचकीत धातूची डबी दिसेल, तो क्रिस्टल, म्हणजे लहरीची फ्रिक्वेन्सी पक्की धरून ठेवणारा भाग. त्यावर २७.१४५ किंवा ४९.८६० असा आकडा कोरलेला असतो. इथे एक सापळा आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या बोर्डवरही क्रिस्टल असतो आणि त्यावर १६.००० किंवा १२.००० लिहिलेलं असतं. ती रेडिओची फ्रिक्वेन्सी नव्हे, चिपला लागणाऱ्या घड्याळाची आहे. "माझी गाडी १६ मेगाहर्ट्झची आहे, रिमोट कुठे मिळेल" असं विचारणारे लोक बरेच भेटतात. शंका आली तर अँटेना बघा. २७ किंवा ४९ ला हातभर तार किंवा खेचून लांब होणारी दांडी असते. २.४ ला तीनेक सेंटिमीटरची तार किंवा बोर्डावरच छापलेली नागमोडी रेघ असते. कारण सरळ आहे: २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटर लांब, ४९ ची ६ मीटर, २.४ गिगाहर्ट्झची जेमतेम साडेबारा सेंटिमीटर, आणि अँटेना लहरीच्या चौथ्या हिश्शाची असली की उत्तम चालते. पावणेतीन मीटरची दांडी कोणी खेळण्याला लावणार नाही, म्हणून २७ ला आखूड दांडी आणि तिच्या बुडाशी एक कॉइल अशी तडजोड केलेली असते. म्हणूनच ती तार "फार लोंबते" म्हणून कापू नये. कापलीत की रेंज गेली.

आता तुमचा पहिला प्रश्न. ४९ ची गाडी २७ च्या रिमोटवर आणता येईल का? तत्त्वतः हो, व्यवहारात त्या वाटेला जाऊ नका.

गाडीतला रिसीव्हर बहुधा सुपर-रिजनरेटिव्ह प्रकारचा असतो: एक ट्रान्झिस्टर, एक कॉइल, एक-दोन कपॅसिटर. त्यात क्रिस्टल नसतो. तो कोणती लहर ऐकणार हे कॉइल आणि कपॅसिटर मिळून ठरवतात, आणि कॉइलमधला फेराइटचा गाभा फिरवून ते थोडं इकडेतिकडे सरकवता येतं. थोडंच. ४९.८६ आणि २७.१४५ यांचं प्रमाण सुमारे १.८४ आहे, आणि कॉइल व कपॅसिटर यांचा गुणाकार त्याच्या वर्गाने बदलावा लागतो, म्हणजे तीन पटींहून जास्त. गाभा फिरवून तेवढा फरक पडत नाही. कपॅसिटर आणि कॉइल बदलावी लागेल, मग ट्रान्झिस्टरचा फीडबॅक पुन्हा जमवावा लागेल.

रिमोटकडून उलटं करू म्हणाल तर नुसता क्रिस्टल बदलून भागत नाही. हे क्रिस्टल बहुतेक तिसऱ्या ओव्हरटोनवर चालणारे असतात. २७.१४५ लिहिलेला क्रिस्टल मुळात साधारण ९ मेगाहर्ट्झवर कंप पावतो आणि सर्किट त्याला तिप्पटीवर धरून ठेवतं. भोवतालची कॉइल २७ ला बांधलेली असताना तिथे ४९ चा क्रिस्टल बसवला तर तो एक तर चालूच होत नाही, किंवा भलत्याच फ्रिक्वेन्सीवर चालू होतो. भलत्या फ्रिक्वेन्सीवर प्रक्षेपण करणं हा जवळपास कुठल्याही देशात नियमभंग आहे, खेळणं असलं तरी.

मी सुचवीन ते वेगळं: रिमोट बदलू नका, जोडी बदला. एखाद्या मोडक्या खेळण्याचा चालू रिमोट आणि त्याच्याच पोटातला बोर्ड घ्या आणि तो बोर्ड तुमच्या गाडीत बसवा. बॅटरीच्या दोन तारा, मागच्या मोटरच्या दोन, स्टिअरिंगच्या दोन, एवढाच कारभार. फक्त दोन गोष्टी आधी तपासा. एक, व्होल्टेज: ४.५ व्होल्टच्या बोर्डाला ९.६ व्होल्टचा पॅक जोडलात तर धूर निघेल. दोन, मोटरचा करंट: छोट्या बोर्डावरचे ट्रान्झिस्टर मोठ्या मोटरचा अडकलेल्या अवस्थेतला करंट झेपवत नाहीत. गाडी भिंतीला टेकून चाकं अडली की ते तापतात आणि बसतात. आणि स्टिअरिंगला दोनऐवजी पाच तारा असतील तर ती साधी मोटर नाही, तिथे चाकाची जागा सांगणारा पोटेन्शिओमीटर आहे; त्या गाडीत साधा बोर्ड चालणार नाही.

फ्रिक्वेन्सी जुळते पण गाडी काहीच करत नाही, किंवा पुढे जाते आणि वळत नाही, किंवा डावीकडे दाबलं की मागे जाते, असं असेल तर प्रश्न कोडचा आहे. २७ आणि ४९ च्या असंख्य गाड्यांत चिपची एकच जोडी वर्षानुवर्षं वापरली गेली: रिमोटमध्ये टीएक्स-२ (१४ पायांची) आणि गाडीत आरएक्स-२ (१६ पायांची). नावं थोडी बदलतात, अनेक कारखान्यांनी तिच्या नकला केल्या, कधी चिपवरचा नंबर खरवडून टाकलेला असतो, पण पाय मोजले की अंदाज येतो. तिची भाषा मोजणीची आहे. आधी चार रुंद ठोके, म्हणजे "आदेश सुरू", आणि नंतर अरुंद ठोक्यांची ठरावीक संख्या: १० म्हणजे पुढे, ४० मागे, ५८ डावीकडे, ६४ उजवीकडे, २८ म्हणजे पुढे आणि डावीकडे एकदम. रुंद ठोका २ मिलिसेकंदांचा, अरुंद १ मिलिसेकंदाचा. म्हणजे "पुढे" हा आदेश १८ मिलिसेकंदांत पूर्ण होतो आणि "उजवीकडे" ला ७२ लागतात.

यातून एक उपयोगी निदान निघतं. लांब आदेशात एखादा ठोका गोंधळात हरवण्याची शक्यता जास्त, म्हणून सिग्नल कमजोर झाला की बहुधा आधी वळणं जातं आणि सरळ धावणं नंतर. तुमची गाडी जवळ असताना नीट वळते आणि लांब गेल्यावर फक्त पुढेमागे करते, तर कोड बरोबर आहे, सिग्नल अशक्त आहे. अगदी जवळ असतानाही वळत नसेल तर कोड वेगळा आहे किंवा स्टिअरिंगच खराब आहे. मल्टिमीटर हातात घेण्याआधी ही एवढी परीक्षा करा, अर्धं काम होतं.

याच चिपमुळे दुसऱ्याच ब्रँडचा २७ चा रिमोट तुमच्या गाडीला चालून जाण्याची चांगली शक्यता असते. एकच बटण असलेल्या अगदी स्वस्त गाड्या मात्र या कुटुंबातल्या नाहीत. चालू केली की आपली पुढे पळत सुटते, बटण दाबलं की वळत मागे येते, ती गाडी. तिला नुसता एक सूर पुरतो. तिचा रिमोट या चिपच्या गाडीला लावून उपयोग नाही.

कोड जुळतोय, सिग्नल अशक्त आहे, बॅटऱ्या नव्या आहेत, तर मग गाडीतल्या कॉइलला हात लावायचा. धक्क्यांनी आणि वर्षांनी ती थोडी सरकलेली असते. आधी गाभ्याच्या मूळ जागेवर मार्करने खूण करा. वर मेण असेल तर हलक्या हाताने काढा. धातूचा स्क्रूड्रायव्हर वापरू नका: तो जवळ आला की कॉइलची फ्रिक्वेन्सीच बदलते, आणि फेराइट ठिसूळ असतो, कडा उडते आणि मग गाभा कायमचा अडकतो. प्लास्टिकची किंवा बांबूची काडी घासून चपटी करा. गाडीची चाकं अधांतरी ठेवा, कोणाला तरी रिमोट घेऊन लांब उभं करा, "पुढे" दाबून धरायला सांगा. गाभा अगदी हळू फिरवत चाकं जिथे फिरू लागतात आणि जिथे थांबतात त्या दोन्ही कडा शोधा आणि मधोमध आणून ठेवा. मग माणसाला आणखी लांब पाठवा आणि पुन्हा करा. घाईने पूर्ण फेरे मारत बसलात तर सुरुवातीची जागाही हरवून बसाल. झालं की मेणाचा एक थेंब.

कॉइल नीट जुळलेली आहे आणि तरी रेंज नाही, तर मोटर बघा. ब्रशच्या मोटरमधल्या ठिणग्या स्वतःच रेडिओ गोंगाट करतात, आणि तो गोंगाट दबवायला मोटरच्या दोन टोकांमध्ये एक छोटा चकतीसारखा कपॅसिटर असतो, बहुधा १०४ लिहिलेला, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. मोटर बदलताना लोक तो टाकून देतात. मग गाडी उभी असताना आदेश ऐकते आणि पळायला लागली की बहिरी होते.

हौशी, महागड्या २७ च्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे रिसीव्हर सुपरहेट (आलेली लहर आधी खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणून ऐकणारा) असतो आणि दोन्हीकडे क्रिस्टल लागतो, पण आकडा सारखा नसतो. रिसीव्हरचा क्रिस्टल साधारणपणे ४५५ किलोहर्ट्झने खाली असतो. रिमोटमध्ये २७.१४५ तर गाडीत २६.६९०. दोन्ही क्रिस्टल एकाच चॅनलचे हवेत, आणि टीएक्सचा (रिमोटचा) क्रिस्टल आरएक्सच्या (रिसीव्हरच्या) जागी कधीच बसवायचा नाही.

रिमोट प्रक्षेपण करतो की नाही हेच कळत नसेल तर २७ आणि ४९ साठी आरटीएल-एसडीआर नावाची यूएसबी कांडी फार कामाची आहे. तिचा नेहमीचा ट्यूनर सुमारे २४ मेगाहर्ट्झपासून वर ऐकतो, त्यामुळे दोन्ही पट्टे संगणकाच्या पडद्यावर दिसतात, आणि ठोकेसुद्धा मोजता येतात. २.४ गिगाहर्ट्झ मात्र तिच्या आवाक्याबाहेर आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा रुंद पट्टा, जिथे वाय-फाय आणि ब्लूटूथही राहतात. या खेळण्यांतल्या एनआरएफ२४ किंवा तिच्यासारख्या चिपा तो पट्टा एक-एक मेगाहर्ट्झच्या चॅनलांत वापरतात आणि सेकंदाला कित्येकदा एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. कोणत्या चॅनलांवर कोणत्या क्रमाने उडायचं, हे रिमोट ठरवतो. तो चालू होताक्षणी काही सेकंद एका ठरलेल्या जागी ओरडतो: "मी अमुक क्रमांकाचा रिमोट, यापुढे मला या चॅनलांवर शोध." नुकतंच चालू झालेलं खेळणं तेवढा वेळ तिथेच कान लावून बसतं आणि तो क्रमांक उचलतं. यालाच बाइंडिंग म्हणतात. त्यानंतर दुसऱ्या कोणाचंही ऐकायचं नाही. म्हणून तुमच्या एका गाडीचा रिमोट दुसरीला चालत नाही: ती आधीच स्वतःच्या रिमोटशी बांधली गेलेली असते, किंवा दोघींची भाषाच वेगळी असते.

भाषा वेगळी असणं इथे फार नेहमीचं आहे. उदाहरणार्थ एक्सएन२९७ ही स्वस्त खेळण्यांत सर्रास आढळणारी चिप एनआरएफ२४ सारखीच चालते, पण पाठवताना बिट विस्कटून पाठवते. तोच चॅनल, तोच वेग, आणि साधी एनआरएफ२४ ऐकेल तर तिला कचरा ऐकू येईल.

बाइंडिंग करताना क्रम महत्त्वाचा. बहुतेक स्वस्त खेळण्यांत आधी खेळणं चालू करायचं, दिवा भराभर लुकलुकू लागला की रिमोट. ड्रोनमध्ये बरेचदा त्यानंतर डावी दांडी पूर्ण वर आणि पूर्ण खाली. दिवा स्थिर झाला की बांधलं गेलं. काही मॉडेलांत क्रम उलटा असतो, म्हणून एक जमला नाही तर दुसरा करून बघा. खेळणं आणि रिमोट मीटरभर अंतरावर ठेवा. अगदी चिकटवून धरले तर काही रिसीव्हर जास्त सिग्नलनेच गोंधळतात. त्या वेळी दुसरं कुठलंही तसलंच खेळणं चालू नको, नाहीतर अदलाबदल होते आणि तुम्हाला वाटतं बिघाड झाला. ड्रोनचे पंखे बाइंडिंगआधी काढून ठेवलेले बरे. आणि रिमोटचा दिवा लागतो म्हणजे सेल चांगले आहेत असं धरून चालू नका: दिव्याला थोडा करंट लागतो, प्रक्षेपणाच्या झटक्याला जास्त, आणि थकलेला सेल नेमका त्या झटक्यात खाली बसतो. बाइंडिंग होत नाही म्हणून येणाऱ्या रिमोटना मी पहिल्यांदा नवे सेल घालतो, दुसरं काही नाही.

हौशी दर्जाच्या रिसीव्हरवर बाइंडचं बटण किंवा छोटा बाइंड-प्लग असतो आणि क्रमांक कायमचा साठवला जातो. तिथे प्रोटोकॉलचं, म्हणजे रिमोटच्या भाषेचं, नाव बघूनच खरेदी करा: फ्लायस्कायचं एएफएचडीएस २ए, स्पेक्ट्रमचं डीएसएमएक्स, फुटाबाचं फास्ट. एकमेकांत ती चालत नाहीत. रिमोट हरवलेला असेल आणि खेळणं ड्रोन असेल तर मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल असलेला ट्रान्समीटर हा चांगला मार्ग आहे. त्यात चार वेगवेगळ्या रेडिओ चिपा असतात आणि खेळण्यांतल्या पुष्कळ भाषा हौशी लोकांनी उलगडून त्यात घातल्या आहेत. स्वस्त गाड्यांच्या भाषा उलगडण्याच्या भानगडीत फारसं कोणी पडलेलं नाही. गाडीसाठी त्याच मॉडेलचा, त्याच आवृत्तीचा रिमोट शोधा, आणि नाही मिळाला तर पुन्हा तेच: रिमोट आणि बोर्ड, जोडीने बदला.

एक छोटी पुस्ती. खोलीत उडणारी छोटी हेलिकॉप्टरं बरीचशी रेडिओवर नसतातच, ती टीव्हीच्या रिमोटसारखी इन्फ्रारेडवर चालतात. रिमोटच्या तोंडाशी एलईडी असेल आणि अँटेना नुसती शोभेची वाटत असेल, तर मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा, बटण दाबल्यावर एलईडी जांभळट चमकेल. तिथे फ्रिक्वेन्सी जुळवायचा प्रश्न नाही. ए-बी-सी असा खटका दोन्हीकडे एकाच अक्षरावर ठेवायचा आणि उन्हात उडवायचं नाही.

राहता राहिल्या २७ च्या दोन गाड्या. दोन्ही २७.१४५ वर, दोन्हीत तीच मोजणीची चिप, ओळख विचारणारं कोणी नाही. एक रिमोट दोघींना हलवणार, आणि दोन रिमोट एकदम दाबले तर ठोके एकमेकांत मिसळून दोन्ही अडखळणार. एकीचा क्रिस्टल २७.०४५ चा करून वेगळं पडता येईल असं वाटतं, पण तो सुपर-रिजनरेटिव्ह रिसीव्हर इतका रुंद ऐकतो की १०० किलोहर्ट्झचा फरक त्याच्या लेखी नाहीच. एकाच पट्ट्यातल्या या गाड्या साध्या उपायाने वेगळ्या होत नाहीत. एकीत ४९ किंवा २.४ ची चालू जोडी बसवा. तुमच्या ४९ च्या गाडीत दुसरी जोडी घातलीत तर तिचा जुना बोर्ड मोकळा होईल, पण रिमोटशिवाय तो निरुपयोगी आहे, म्हणून आधी ४९ चा एखादा जुना रिमोट मिळतो का ते बघा. मिळाला तर तो प्रथम ४९ च्या गाडीवरच लावून पाहा. चालला तर तिथे काहीच बदलावं लागणार नाही आणि खरेदी करायची एकच जोडी उरेल, २७ च्या दोघींपैकी एकीसाठी.